त्यानं बटण दाबलं होतं

— तर कुणी म्हणजे कुणीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, मिस्टर फ्रॉली, हे आधी ऐकून घ्या आणि मग तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. बसा. त्या खुर्चीवर नको, ती त्याची आहे — ही वेताची घ्या, ही बरी आहे, जरा कुरकुरते पण मोडत नाही. आणि आवाज हळू ठेवा. माझी पोरगी लिंदा आतल्या खोलीत झोपलीय. झोपलीय म्हणजे काय, पडलीय भिंतीकडे तोंड करून. कॉफी घ्या, काळी आहे, आमच्याकडे दूध घालायची पद्धत नाही. तुम्ही कॅनबेराहून एवढं विमान करून आलात, तर थोडं ऐकूनही जा. माझा नवरा अबिलियो, लोरिको नावाची बोट होती त्याची, ती बुडाली त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सांगत होते — त्यानं बटण दाबलं होतं. बोटीवर संकटाचं लाल बटण असतं ना, ते. दाबलं की धक्क्यावरच्या पहाऱ्याच्या खोलीत पडद्यावर बोटीचं नाव आणि ठिकाण लाल होऊन उघडझाप करतं, मग हे लोक सुटकेची बोट घेऊन निघतात. आणि हे म्हणाले, लोरिकोकडून काही आलंच नाही. दाबलंच नसेल त्यानं. झोपला असेल. माझी नणंद व्हेनेरांदा, सख्खी बहीण त्याची, चर्चच्या पायरीवर चार बायकांत म्हणाली, ‘बटण कुठलं, बाटलीचं बूच दाबत असेल.’ मी तिथल्या तिथं तिच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक ओढलं आणि म्हटलं, हे खाली ठेव आणि मग बोल, नाहीतर जीभ झडेल. फादर अन्सेल्मो मध्ये पडले म्हणून वाचली.

तो दारू पीत नव्हता का? पीत होता. खोटं कशाला बोलू. पण समुद्रावर नाही. समुद्रावर तो इतका भित्रा होता की पोरं हसायची — आकाशाचा एक कोपरा काळा झाला की हा परत. दोऱ्या दोनदा बांधणार, इंजिनला हात लावून बघणार, आणि बटणाच्या वरचं झाकण रोज ओल्या फडक्यानं पुसणार. मी विचारायची, देव आहे का तो? तर म्हणायचा, ‘देवाला मी रविवारी भेटतो, याची गरज कधीही पडेल.’ असा माणूस बटण दाबणार नाही? बोट उलटताना? तुम्हीच सांगा. — नाही, राहू द्या, तुम्ही कशाला सांगाल, तुम्ही त्याला पाहिलेला नाही.

ती पहाऱ्याची खोली मीच झाडते-पुसते, आधीपासून. त्याच्या आधीही आणि त्याच्यानंतरही. लोक म्हणाले, तिथं कशी जातेस तू, पाय कसा उचलतो? मी म्हटलं, फरशी मळायची थांबली का? तिथं नेव्ह बसतो, पडद्यापुढे. वाईट नाही माणूस. आंबे देतो घरचे. तर मी फरशी पुसत होते, दुपार होती, पावसाळा तोंडावर आलेला, खोलीत घाम सुटलेला, आणि सहज मान वर केली तर पडद्यावर नाव. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही डोंगरात, मास्तर पळाले आणि शाळा संपली — पण ते नाव मला वाचता येतं, ते मीच बोटीवर रंगवलं होतं. लोरिको. बेटाच्या पलीकडे, उथळात, जिथं त्याची मासळीची टोपली आणि एक चप्पल सापडली ना, तिथंच. दोन-तीन वेळा उघडझाप केली आणि गेलं, त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी शिडाच्या बोटीचं नाव आलं, ठिकाणही भलतीकडे. माझ्या तोंडून निघालं, ‘आले.’ नेव्ह वळून म्हणाला, कुठं निघालीस? म्हटलं, नवरा बोलावतोय. त्यानं उठून मला पाणी दिलं. ‘बाई गं, तू दमलीयस, घरी जा.’

मग दर थोड्या दिवसांनी दिसायला लागला. कुणी नवीन बोट सुरू केली की आधी तो, मग त्या बोटीचं खरं नाव. दुसऱ्याच्या जागेवर उभा राहायचा क्षणभर, कुणी बाहेर काढलेल्या माणसासारखा — दारात यायचा आणि जायचा. अंग नाही मिळालं त्याचं, हे तुम्हाला लिंदानं सांगितलं असेल. आमच्यात अंग नाही मिळालं की जीव बसत नाही कुठे. स्मशानात दगड आहे, त्याच्याखाली त्याचा शर्ट आहे. म्हणून मी म्हटलं, हाच तो, याला जागा मिळत नाही म्हणून असा फिरतोय. मी त्याची खुर्ची पुसून ठेवायला लागले. ताट वाढायला लागले — मका, भोपळा, वाल, वर हिरव्या मिरचीचं तिखट, त्याला तिखटाशिवाय घास जात नसे. फादरना सांगितलं तर ते म्हणाले, पडदा हा पडदा असतो, प्रार्थना कर. डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या. नेव्हला मी हात धरून पडद्यापुढे उभं केलं, तर नेमकं तेव्हा काही नाही! कसं असेल, कुणी बोट सुरू केल्याशिवाय? व्हेनेरांदा म्हणाली, ‘भावजय वेडी झाली, आता तिच्याकडून भावाचं खरं-खोटं काय ऐकायचं.’ तेव्हा मी गप्प बसले. मला वेडी म्हणा हो. पण मी वेडी ठरले की बटणाची गोष्टही वेडीची ठरते, हे कळलं ना मला.

लिंदा हसली नाही. फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आई, आधी त्याचं नाव, आणि मग खरं नाव — असंच? नेहमी याच क्रमानं?’ मी म्हटलं, हो. म्हणाली, ‘मी येते.’ तुमच्या कचेरीतून रजा घेऊन आली, तुम्हाला ठाऊकच आहे. खोलीत नेव्हच्या शेजारी बसली, त्या यंत्राचं पोट उघडून. उघडून म्हणजे पाना घेऊन नव्हे, तुम्ही लोक करता तसं, अक्षरांतून. मला म्हणाली, भूत नाहीय आई. आणि भूत आहेसुद्धा.

मला तिनं समजावलं ते मी सांगते, चुकलं तर सांगा. सगळ्या यंत्रांच्या तळाशी एक मुकादम असतो, त्याला तुम्ही कर्नल म्हणता. कुणाला किती जागा द्यायची, कधी काढून घ्यायची, तोच बघतो. जसा धक्क्यावरचा मुकादम. बोट आली, दिली जागा, लावली नावाची पाटी. बोट गेली, आधी पाटी उतरवायची, मगच जागा दुसऱ्याला द्यायची. बरोबर? आणि या यंत्रात मुकादम जागा काढून घेत होता पण पाटी उतरवायची राहत होती. रीतसर निरोप घेऊन गेलेल्याची पाटी निघायची. अचानक गेला त्याची तशीच. मग नवा आला तरी पडदा वाचणार जुनीच पाटी, मुकादम धावत येऊन वर नवी टांगेपर्यंत; नवी निघाली की खाली जुनी तशीच. — मान हलवताय म्हणजे बरोबर सांगतेय. तर अबिलियो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मॉली नावाच्या बोटीच्या मालकानं, दातांचा डॉक्टर आहे तो, बोट धक्क्याला लावली आणि यंत्र बंद न करता सरळ मोठा खटकाच ओढला. मॉलीची पाटी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ. अबिलियोनं झाकण उघडलं आणि बटण दाबलं; बटण दाबलं की नवी जागा मिळते, त्याला मिळाली मॉलीची. आणि पडद्यावर लाल झालं कोण? मॉली. नेव्हनं डॉक्टरला फोन केला. डॉक्टर घरी अंगणात मांस भाजत होता. म्हणाला, ‘बुडतोय कुठला, सॉसेज करपतायत माझी!’ दोघं हसले. नेव्हनं हाक खोटी म्हणून बंद केली. त्यानंतर खरं नाव आलं असेल, पण बंद केलेल्या हाकेकडे बघतो कोण.

हसले हो ते. नेव्हनं स्वतः सांगितलं मला, रडत. मी त्याचे आंबे परत पाठवले. मग पुन्हा घेतले. तो तरी काय करणार, त्याला मॉली दिसली.

त्या दिवशी लिंदा घरी आली ती पळत. ‘आई, बाबांनी दाबलं होतं!’ आम्ही दोघी या इथं, या फरशीवर बसून रडलो, आणि मी उठून व्हेनेरांदाच्या घरी चालत गेले आणि तिच्या दारात उभी राहून एवढंच म्हटलं, दाबलं होतं. तिनं दार लावून घेतलं. लावू दे. येत्या शनिवारी वर्ष होतं. आमच्यात वर्षभर काळं घालतात, वर्ष झालं की सगळे जमतात, जेवण होतं, आणि ते काळं अंगावरून उतरवतात, मेलेल्यालाही सांगतात, जा आता. तर मी म्हटलं, शनिवारी सगळ्यांपुढे सांगेन. कागद दाखवेन. दुरुस्ती जगभर गेली की तुमच्या लोकांचा कागद निघतो ना, त्यात लिहिलेलं असतं काय बिघडलं होतं, कशामुळे, तो.

आणि तो कागद निघाला नाही. म्हणून तुम्ही आलात.

दुरुस्ती झालीय ना? मग पाठवा की! ती छोटीशी आहे, मी बघितलीय, दोन ओळी. दोन ओळींसाठी एवढ्या बोटी उघड्यावर? आता वाऱ्याचे दिवस येतायत. — हं. नावाची ओळ रिकामी आहे. मला माहीत आहे ती रीत. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, ते तुमच्याकडे कायमचं राहतं, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं खाली लिहायचं की हे कुणाच्या कुठल्या बदलानं बिघडलं. शिक्षा म्हणून नाही, लिंदानं सांगितलंय मला — किती जुन्या यंत्रांपर्यंत दुरुस्ती न्यायची ते त्यावरून कळतं. ती ओळ नसली की जुन्या बोटींपर्यंत ती पोचतच नाही. ठीक आहे. मग ज्यानं बिघडवलं त्याचं लिहा. मला काय विचारता? ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं लिहा. नेव्हचं लिहा, हसल्याबद्दल. दातांच्या डॉक्टरचं लिहा, खटका ओढल्याबद्दल!

काय बघताय भिंतीकडे?

तिथं काही नव्हतं. कॅलेंडर होतं. जुनं झालं, काढलं.

कॉफी गार झाली तुमची. ओता ती त्या झाडात, दुसरी देते. — गरमी बघा कशी, पंखा नुसता गरम वारा ढवळतोय. लिंदा लहान असताना या फरशीवर पाणी मारून निजायची. हुशार. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला कुठून आणलीत? मी म्हणायची, माझ्याच पोटातून, दुसरं कुठून. कॉलेजात गेली आणि एक दिवस धापा टाकत आली, ‘आई, घेतला! माझा बदल घेतला त्यांनी!’ कर्नलमध्ये. जगातल्या सगळ्या यंत्रांत जाणार, हिचं नाव त्याला चिकटून राहणार, कायम. काय बदल? तर काही नाही गं, साफसफाई, एकच काम दोन ठिकाणी केलेलं होतं, एक ठिकाणचं काढून टाकलं. मी म्हटलं, शाब्बास, आईवर गेली, झाडूवाली. अबिलियोनं आख्खा टूना भाजला. शेजारपाजारचे सगळे आले. आणि तो वेडा माणूस गेला आणि त्या बदलाचा कागद छापून घेऊन आला, काचेची चौकट करून आणली, आणि जो येईल त्याला दाखवायचा. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. बोट ठेवून सांगायचा, ‘ही वजा केलेली ओळ. ही माझ्या पोरीनं काढली. फालतू होती.’

तो रोज पुसायचा ती काच. बटणाचं झाकण आणि ती काच.

…

बोला ना. अचानक गेलेल्याची पाटी उतरवायची ती हीच ओळ, नाही? तुम्हाला माहीत होतं. अहो, तुम्ही लोक एका बोटाच्या फटक्यात बघता कुठली ओळ कुणाची, तुम्ही विमानात बसायच्या आधीच बघितलं असणार. आणि मला एवढं बोलू दिलंत, कॅलेंडर म्हणू दिलंत. — आणि मलाही माहीत होतं तुम्ही कोण ते, मिस्टर डेस्मंड फ्रॉली. दारात नाव सांगितलंत तेव्हाच. त्या काचेत दोन नावं आहेत. वर तिचं, खाली तुमचं. मी पदरानं पुसलंय तुमचं नाव. ‘मी बघितलं, ठीक आहे’ असं लिहून खाली सही करायची तुमची रीत ना? बघितलं होतंत? ती कॉलेजातली पोर होती, तिला काय कळणार अचानक गेलेल्याचं. तुम्ही थोरले होतात. बघितलं होतंत की नुसती सही केलीत, गरीब घरची पोरगी, पहिलाच बदल, घेऊ या म्हणून? — नका सांगू. चेहरा सांगतोय.

हे मांडीवरचं यंत्र काय फिरवलंत माझ्याकडे? मला चष्मा नाही… थांबा. रिकामी ओळ भरलीय. हे तुमचं नाव आहे. तिचं नाही. — त्याच्या आधीचा तुमचाच एक बदल, शेजारचा. असं. आणि चालतं हे? यंत्रांना काही अडत नाही? थोड्या जास्त जुन्यांपर्यंत जाईल, एवढंच. कुणी खणून बघणार नाही. आणि लिंदाचं नाव कुठे येणार नाही. शनिवारी मी कागद दाखवायचा, व्हेनेरांदापुढे धरायचा, त्यात अबिलियोनं बटण दाबलं होतं हेही असेल, आणि दोष कॅनबेराच्या एका गोऱ्या माणसाचा.

देवमाणूस आहात की काय तुम्ही.

मला जरा बसू द्या. — खरं सांगू, मला हे आवडलं. मी आई आहे. तीन… नाही, किती दिवस झाले कोण जाणे, ती आत पडून आहे, पेज प्यायली की ओकते. रात्री बापाशी बोलते झोपेत. मी तिला म्हटलं, लिही कुणाचंही आणि मोकळी हो. तर म्हणाली, ‘आई, तिथं दुसरं नाव मावतच नाही.’ म्हणून रिकामी ठेवली. आणि रिकाम्या जागेचं काय होतं ते मला विचारा. मी वर्षभर बघतेय ना पडद्यावर, रिकाम्या जागेत कोण येऊन उभं राहतं ते.

आणखी एक सांगते, हे लिंदालाही नाही सांगितलेलं. तुमची दुरुस्ती गेली की तो परत दिसणार नाही. हो ना? पाटी वेळेवर उतरणार. मी फरशी पुसायला त्याच्यासाठीच जात होते हो. दुसरं काय उरलंय मला, एक चप्पल आणि ती उघडझाप.

पण नको. मिटा ते. मिटा म्हणते ना! तुमचं नाव खोडा तिथून. चांगुलपणा करताय, कळतं मला, तुम्हालाही झोप नाही, डोळे बघा आरशात. सहीची लाज तुमची तुम्ही वागवा, ती मी उतरवून घेणार नाही. नेव्ह काय म्हणाला होता मला पहिल्या दिवशी? ‘दाबलं काय नि नाही काय, माणूस तर गेलाच, काय फरक पडतो?’ फरक पडतो. मी वर्षभर अंगावर काळं घालून एकच खरी गोष्ट बोलले आणि सगळे मला खोटी म्हणाले. आता ते खरं म्हणायला लागलेत, तर त्याच कागदावर मी खोटं नाव चालवून घेऊ? उद्या कुणी खणलं, आणि खणणारा कुणीतरी असतोच तुमच्यात, लिंदासारखा, तर म्हणतील, नाव खोटं, मग बटणही खोटं. आणि अबिलियो पुन्हा झोपलेला, पुन्हा बाटली हातात. नाही. त्याला मी दुसऱ्यांदा बुडू देणार नाही, पोरीसाठीसुद्धा नाही. आणि पोरगी काय कायम तोंड फिरवून पडणार? तिच्या बापानं ती काच पुसली, ती ओळ काढल्याचा त्याला गर्व होता. तो असता तर चिडला असता, ओरडला असता, आणि मग मासे भाजायला बसला असता.

ती चौकट? आहे, संतांच्या तसबिरीमागे, काळ्या फडक्यात. घ्या, काढा. बघा, तडा नाही गेलेला.

आता उठा. नाही, तुम्ही नाही लिहायचं. तुम्ही बाहेर उभे राहा जरा, आंब्याखाली, सावली आहे. जा म्हणते. — लिंदा! दाराआड उभी आहेस ते दिसतंय मला, तुझे पाय दिसतात खालच्या फटीतून. ये बाहेर. तोंड धुवायचं राहू दे. इकडे ये, त्या खुर्चीत बस. हो, त्याच. बापाच्या. बस म्हणते ना, ती आता तुझी. घे ते पुढ्यात आणि लिही. तुला सुचत नसेल तर काचेतून वाचून मी सांगते, एकेक अक्षर, जसं आहे तसं, बापाच्या आडनावासकट —

एर्मेलिंदा सार्मेंतो.